तिला ती वायर पुरे

“पुनमला काय फरक कळणार त्यातला? तिला ती वायर पुरे.”

भूषण पुढच्या खोलीत हे बोलला आणि स्वयंपाकघराच्या पडद्याआड आम्ही दोघींनी ऐकलं. एक त्याची बायको पुनम, हातात चहाचे कप. दुसरी मी, तिच्या गळ्यात लोंबकळणारी. पुनम तशीच बाहेर गेली, भूषणला आणि त्याचा मित्र प्रेमराजला चहा दिला, परत आली. गाळणं धुताना मात्र तिने नळ जरा जास्तच मोठा सोडला.

मी ती वायर बोलतेय. दोन बोंडं, मधे गुंता आणि खाली फोनमध्ये खुपसायची पिन, एवढाच माझा पसारा. शहाणी माणसं मला इअरफोन म्हणतात. धुळ्याला आग्रा रोडवरच्या एका दुकानात, दारातच मी माझ्या बहिणींबरोबर टांगलेली होते. कॉलेजातून घरी जाताना पुनमने मला घेतलं. माझ्यासाठी घासाघीससुद्धा केली तिने. घासाघीस करून घेतलेल्या वस्तूवर माणसाचा जीव जरा जास्त असतो, असं मला तेव्हा वाटायचं.

साखरपुड्यानंतर माझे खरे सुखाचे दिवस आले. जळगावहून भूषणचा फोन यायचा. धुळ्यातल्या देवपूरच्या घरात खाली तिचे वडील, आबा; वर गच्चीवर पुनम, मी तिच्या कानात. तो विचारायचा, “जेवलीस?” ती म्हणायची, “हं.” तो विचारायचा, “काय होतं भाजीला?” ती म्हणायची, “गिलकं.” पुनमचं बोलणं इतकंच. पण तिचा ‘हं’ मी माझ्या एवढ्याशा माईकमधून असा जपून पोचवायचे, की भूषणला कोणता ‘हं’ हसरा आणि कोणता रुसलेला, हे बरोबर कळायचं. खोटं कशाला बोलू? हे लग्न आपण जमवलं, असा मला माज होता.

मग लग्न झालं. आणि दिवाळीनंतर घरात तो आला.

काळा, मखमली गाद्यांचा, स्वतःचा वेगळा डबा असलेला हेडफोन. डब्यात पुन्हा त्याची झोपायची पिशवी! मी सांगते, मला आयुष्यात कधी खिळासुद्धा स्वतःचा मिळाला नाही, कॅलेंडरबरोबर एका खिळ्यावर राहते. भूषणच्या आईने, कमलबाईंनी, किंमत ऐकली आणि कपाळाला हात लावला. “एवढामा तं नवा फ्रिज येता!” भूषण म्हणाला, “आई, हा लावला की बाहेरचा आवाज बंद होतो.” कमलबाई म्हणाल्या, “तो तं तुले पहिलेपासूनच बंद शे.”

भूषण घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. मिटिंगसाठी घेतला म्हणाला. मी लक्ष ठेवून असते. मिटिंग कमी आणि क्रिकेटच्या रील जास्त. एवढा खानदानी हेडफोन आणि त्यात ऐकायचं काय, तर ‘आऊट, आऊट!’ मी जळत होते, नाही कशाला म्हणू? पण पुनम माझ्याहून जास्त जळत होती. ती दारात उभी राहून “अहो” म्हणायची. मग पुन्हा “अहो.” मग जाऊन त्याच्या खांद्याला हात लावायची. धुळ्याहून जळगावला जिचा ‘हं’ पोचत होता, तिचा ‘अहो’ पलंगापासून खुर्चीपर्यंत पोचेना.

आणि याच घरात तिची दुसरी एक गोष्ट कुणापर्यंत पोचत नव्हती. हिवाळ्यात इथे भरताचा सपाटा. कमलबाईंचा हात सढळ. वांग्याबरोबर हिरव्या मिरच्याही तशाच सढळ भाजायच्या आणि ठेचायच्या. पहिल्या घासालाच पुनमच्या डोळ्यांतून पाणी. कमलबाईंचा जीव कळवळला. “माहेरनी याद येस का वं? रडू नको, ले, आखो ले.” असं म्हणून मायेने अजून एक डाव भरीत ताटात. पुनमने तेही खाल्लं. खानदेशातली पोर आणि तिखट चालत नाही, हे नव्या नवरीने सांगायचं कसं?

दुपारी आवराआवर झाली की पुनम मला कानात घालायची. तिच्या फोनमध्ये हळदीच्या दिवसाचं रेकॉर्डिंग आहे. बायकांची गाणी, ढोलकी, भांड्यांचा दणका, पोरांचा गलका. मी ते सगळं तिला रोज ऐकवायचे. माझ्या मते त्यात अजून काही नव्हतंच.

एका दुपारी भूषण भुसावळला गेला होता. तो हेडफोन पलंगावर उताणा पडलेला. पुनम त्याच्याकडे बघत बसली, सवतीच्या पेटीकडे बघावं तशी. मग तिने मला कानातून काढलं, उशीवर ठेवलं आणि त्याला डोक्यावर चढवलं.

मला त्या क्षणी गुंता होऊन मरावंसं वाटलं.

तिने हळदीचीच गाणी लावली. आधी हसली. मग एकदम ताठ बसली. पुन्हा मागे नेऊन तेच ऐकलं. पुन्हा नेलं. गाद्या दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरल्या आणि डोळ्यांतून पाणी. या वेळी मिरची कुठेच नव्हती. त्यात असं काय होतं, जे मला कधी सापडलं नाही? तिने मला सांगितलं नाही. हेडफोन पुसून जागेवर ठेवला आणि मला खिळ्यावर. मी पूर्ण हरले, एवढं मात्र कळलं.

कारण कळलं ते प्रेमराजच्या शेतात. भरीत पार्टी होती. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ. कमलबाई लाकडी बडगीत भरीत ठेचायला बसलेल्या, मिरच्यांचा ढीग बाजूला. पुनम ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळत होती, मी तिच्या गळ्यात. भूषण शेतातसुद्धा हेडफोन मानेत अडकवून.

“काय भो,” प्रेमराज म्हणाला, “बैलाच्या गळ्यातली घंटा तरी वाजते. वहिनी, तुम्ही सांगा, पैसे वाया गेले ना?”

“तिला काय विचारतो?” भूषण हसला. “तिला काय फरक…”

पुनमने झारा परातीत ठेवला. पुढचं सांगण्याआधी माझं उरकून घेते. हल्ली माझं एक बोंड बोलतच नाही. दुपारी आता त्या हेडफोनचीच पाळी असते, भूषण स्वतः तिच्या हातात देतो. मी कॅलेंडरशेजारी. तो किमतीचा आहे हे मी मान्य करते; दात ओठ खाऊन, पण करते. तेवढं एक करा, मला फेकायच्या आधी आठवा, की मी कधीच कुणासाठी बाहेरचं जग बंद केलं नाही. मी कानात असतानाही कुणी हाक मारली, तर ती ऐकू यायची.

तर त्या दिवशी आमची पुनम जाळासमोर, सगळ्यांसमोर बोलली:

“फरक कळतो मला. पैसे वाया गेले नाहीत. हळदीच्या गाण्यांमागे माझे आबा हळूच काकांना सांगताहेत, ‘पोरले तिखट चालत नई, पन ती सांगाव नई, गुपचूप खाई लेई.’ माझ्या वायरीत ते कधी ऐकू आलं नाही, तुमच्या हेडफोनात आलं. तुम्ही मात्र तो लावून नुसतं क्रिकेट ऐकता. आणि आई, ती मिरची टाकायच्या आधी माझं भरीत वेगळं काढा. मी माहेरच्या आठवणीने रडत नव्हते.”