‘आहे’ म्हणणारे बटण

मित्रांनो, मी एक जुने बटण आहे. शर्टाचे नव्हे हं! शर्टाच्या बटणाला निदान सुईदोरा तरी मिळतो. मी राहतो पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, खिडकीजवळच्या संगणकाच्या पडद्यावर. रंग निळा, बांधा चौकोनी आणि छातीवर दोनच शब्द: ‘पूर्ण लेख’.

माझ्या जन्माआधीची गोष्ट सांगतो. जनावरांच्या आजारांवर जगभर ढीगभर लेख छापले जातात. त्या सगळ्यांची नोंद एका भल्यामोठ्या डेटाबेसमध्ये असते. लेखाचे नाव, लिहिणारा, कोणते नियतकालिक, कोणते वर्ष, कितवे पान, आणि सोबत चार ओळींचा सारांश. पण लेख? तो तिथे नसायचाच. म्हणजे जेवणाचे आमंत्रण हातात आणि घराचा पत्ता नाही! विद्यार्थी बिचारे सगळे कागदावर उतरवून घेत, मग ग्रंथालयाची यादी धुंडाळत, मग कपाटांमागून कपाटे पालथी घालत.

एका संगणकवाल्या ताईने यावर मला घडवले. तिने मला एकच काम शिकवले. कुणी मला दाबले की मी समोरच्या नोंदीतले नियतकालिकाचे नाव, वर्ष आणि पान उचलतो, धावत ग्रंथालयाच्या यादीकडे जातो आणि विचारतो, ‘हे आपल्याकडे आहे का?’ लेख इंटरनेटवर असेल तर थेट दार उघडून देतो. कागदावर असेल तर कपाट सांगतो. नसेल तर खाली मान घालून ‘उपलब्ध नाही’ म्हणतो. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच सगळे आटपते. याचा मला गर्व आहे आणि तो मी मुळीच लपवणार नाही.

सुरुवातीला काय कौतुक झाले माझे! येणाऱ्या पाहुण्यांना आधी मला दाखवत, मग चहा विचारत. पण जुन्या लेखांच्या बाबतीत माझे नाव खराब झाले. मी ‘नाही’ म्हणायचो आणि लोक चिडायचे. “बटण कसलं, नुसता नन्नाचा पाढा!” असे म्हणत एका प्राध्यापकांनी तर मला काढूनच टाकायला सांगितले. मित्रांनो, यादी सांगेल तेच मी बोलतो. पण ऐकतो कोण? हळूहळू कुणी माझ्याकडे बघेनासे झाले. मी पडद्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसू लागलो. फार वाईट वाटायचे.

अशात एका सकाळी प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टरीणबाई धापा टाकत आल्या. त्या आमच्या ग्रंथपालबाईंच्या धाकट्या नणंद. एरवी आल्या की दोघींची थट्टामस्करी ठरलेली. त्या दिवशी मात्र त्यांचा चेहरा पार उतरला होता.

“वहिनी, जिराफाचं पिल्लू हातचं जातंय गं. आई विताना गेली. गाईचं दूध पाजलं तर पोटात ठरत नाही. आता उभंसुद्धा राहवत नाही त्याला.”

“आधी घोटभर पाणी पी,” ग्रंथपालबाई म्हणाल्या, “आणि बस इथे. शोधू आपण.”

डॉक्टरीणबाईंनी शोधले आणि एक जुनी नोंद समोर आली. दूरच्या एका प्राणिसंग्रहालयाने अगदी असेच पोरके पिल्लू जगवले होते. सारांशात लिहिले होते, ‘दुधाच्या खास मिश्रणाने पिल्लू वाचले. मिश्रणाचे प्रमाण लेखात दिले आहे.’

लेखात! त्यांनी मला दाबले. मी जिवाच्या आकांताने धावलो, पण यादीने मान हलवली. ‘उपलब्ध नाही.’ त्यांनी पुन्हा दाबले, पुन्हा दाबले. बिचाऱ्या माऊसचे हाड मोडते की काय असे वाटले मला.

“दुसऱ्या ग्रंथालयातून मागवते,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “आठवडाभरात येईल.”

“आठवडा? वहिनी, ते उद्याचा दिवस काढेल की नाही तेच सांगता येत नाही!”

ग्रंथपालबाईंच्या कपाळाला आठी पडली. “थांब जरा. हे नियतकालिक घेणं आपण कधीच बंद केलं नव्हतं. मग हे मधलंच वर्ष गेलं कुठे?”

त्यांनी आदल्या वर्षाची एक नोंद काढून मला दाबले. मी म्हणालो, ‘आहे.’ पुढच्या वर्षाची काढली. ‘आहे.’ त्याच्या पुढची. ‘नाही.’ मग पुन्हा ‘आहे’, पुन्हा ‘नाही’.

“वर्षाआड?” डॉक्टरीणबाई चक्रावल्या. “छापणारे काय एक वर्ष छापून एक वर्ष झोपा काढत होते?”

ग्रंथपालबाईंनी कपाळावर हात मारला. “अगं बाई गं! चल आधी तळघरात!”

दोघी परत आल्या त्या लाल कापडी बांधणीचा एक जाडजूड खंड घेऊन. तो टेबलावर आदळला तशी माझ्या पडद्यावर धूळच धूळ झाली. खंडाच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत एकच वर्ष होते. आत मात्र दोन वर्षांचे अंक!

“बाइंडरने दोन-दोन वर्षं एकत्र बांधली आणि पाठीवर पहिलंच वर्ष छापलं,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “आणि यादी करताना मी कपाटांपुढून चालत नुसत्या पाठी वाचल्या. एकही खंड उघडून पाहिला असेल तर शपथ!”

एरवी नणंदबाईंनी या चुकीवर जन्मभर पुरेल इतकी चेष्टा केली असती. आता त्या भराभर पाने उलटत होत्या. “सापडलं! वहिनी, सापडलं!” त्यांनी तिथूनच प्राणिसंग्रहालयातल्या राखणदारमामांना फोन लावला आणि दूध किती, पाणी किती, कोमट किती, सगळे सांगितले.

आम्ही वाट पाहत बसलो. दुपार कलता कलता फोन आला. पिल्लू प्याले होते आणि दूध पोटात ठरले होते. दोन दिवसांनी पुन्हा फोन वाजला. “वहिनी, उभं राहिलं गं! चार पाय चार दिशांना, पण उभं राहिलं!” तेव्हा आमच्या ग्रंथपालबाई ‘शांतता राखा’ या पाटीखाली उभ्या राहून अशा काही ओरडल्या की वाचणारे सगळे दचकून उभे राहिले, आणि कारण कळल्यावर टाळ्या वाजवू लागले. मला हात नाहीत, नाहीतर सर्वांत मोठी टाळी माझी असती.

मग बाईंनी पदर खोचला आणि तळघरातला एकेक खंड उघडून यादी दुरुस्त केली. काम झाले की मला दाबून बघायच्या. आहे! आहे! आहे! काय सांगू, जन्मल्यापासून अडकलेला घास मोकळा झाल्यासारखे वाटले मला. मला काढायला निघालेल्या प्राध्यापकांना त्यांच्या तरुणपणीचा स्वतःचाच लेख मी शोधून दिला. जरा ऐटीतच दिला, खोटे कशाला बोलू?

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. आम्हाला घडवून वाऱ्यावर सोडू नका. ज्या यादीच्या भरवशावर आम्ही बोलतो, ती अधूनमधून पडताळत जा. नुसती पाठ वाचून थांबू नका, खंड उघडा. आणि कुणी ‘नाही’ म्हणाले तर लगेच माघारी फिरू नका.

ते पिल्लू आता छपराला डोके लावते म्हणे. डॉक्टरीणबाईंनी त्याच्यावर लेख लिहिला, त्याचीही नोंद डेटाबेसमध्ये आली, आणि त्या नोंदीशेजारी मी. परवा एक नवी डॉक्टरीण घाईघाईने आली. तिच्याकडेही जिराफाचे एक पोरके पिल्लू होते. शोधता शोधता तिला तीच नोंद सापडली. तिने श्वास रोखला आणि मला दाबले.

मी छाती फुगवून म्हणालो, ‘आहे!’