वारा नसलेली खोली

पॉलिशवाल्याने खिडकीच्या फटीत ओल्या फडक्याची गुंडाळी कोंबली आणि अंगठ्याने दाबत पार कोपऱ्यापर्यंत नेली. खोलीच्या मध्यभागी जेवणाच्या टेबलाची मोठी फळी आडवी ठेवलेली होती. तिच्यावरचा पहिला हात वाळला होता, दुसरा द्यायचा होता. ओल्या पॉलिशवर धुळीचा एक कण जरी बसला, तरी तो पुटकुळीसारखा वर येतो. मग घासा आणि करा पुन्हा पहिल्यापासून. म्हणून दार लावायचे, पंखा बंद, खिडक्या बंद. धंद्याचा हा पहिला धडा त्याने हयातभर पाळला होता.

दार ढकलून सून चहा घेऊन आली. नाकावर रुमाल धरलेला. आत न येता तिने कप उंबऱ्यावरच ठेवला.

"आत ये की. फळी काय चावते?"

"नको बाबा. डोकं गरगरतं."

"अगं, अजून डब्याचं झाकणसुद्धा उघडलं नाही मी."

ती मागे वळली. पोटुशी होती, कठड्याला धरून सावकाश जिना चढली. मधल्या पायरीवर थांबून खोकली, तेही त्याने ऐकले.

खाली कारखाना आणि वर घर, मध्ये लाकडी जिना. जिन्याला दार नव्हते, त्यामुळे खालचे सगळे बिनबोभाट वर जायचे. या घरात त्याच्या बायकोने संसार केला आणि गेल्या वर्षी एका पहाटे झोपेतच ती गेली. तिने कधी नाकाला रुमाल लावला नव्हता. निदान त्याला तरी दिसला नव्हता.

संध्याकाळी जेवताना मुलाने विषय काढला. तो बसच्या डेपोत मेकॅनिक होता. अवघड बोलायचे असले की तो आधी भाकरीचे बारीक बारीक तुकडे करत बसायचा. आज ताटात तुकड्यांचा ढीग झाला होता.

"बाबा, डॉक्टर म्हणाल्या, या हवेत राहू नका. बाळाला बरं नाही."

"तू याच हवेत लहानाचा मोठा झालास. काय कमी पडलं?"

"दर थंडीत छाती भरायची माझी. आई मावशीकडे नेऊन ठेवायची."

"ते मावशीच्या हातचं खायला मिळायचं म्हणून."

"तेही होतं," मुलगा म्हणाला आणि क्षणभर हसला. "पण छातीही भरायची."

"मग काय, कारखाना बंद करू?"

"बंद करून उपयोग नाही. भिंती पिऊन बसल्यात सगळं. मागे तुम्ही गावाला गेला होतात, काम बंद होतं, तरी हिचं डोकं उठायचं राहिलं नाही."

"म्हणजे ठरवूनच बसलायत. नकोसा झालो असेन, तर तसं तोंडावर सांगा. हवेवर कशाला ढकलता?"

सून उठली आणि तांब्या भरलेला असतानाही पाणी आणायला आत गेली. पॉलिशवाल्याने ताट पुढे सारले. बायको गेल्यापासून हे दोघे होते, म्हणून त्या घराला घर म्हणायचे. आता तेही निघाले होते, आणि निमित्त काय, तर वास! नाचता येईना, अंगण वाकडे.

रविवारी सकाळी तो स्वयंपाकघरात पेपर वाचत बसला होता. पाठ शेगडीकडे होती. मुलगा बाहेर गेला होता. दूध तापत ठेवून सून गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली, आणि जाताना "बाबा, बघा हं जरा" म्हणून गेली. तो हं म्हणाला. पुढे निवडणुकीची बातमी लागली आणि तो तिच्यात गुंतला.

"बाबा! अहो, दूध!"

ती धापा टाकत आत आली, गॅस बंद केला, खिडकी सताड उघडली. पातेले तळापासून काळे झाले होते आणि धूर छताला लागला होता.

"इथेच होतात ना तुम्ही?"

"पेपरात डोकं होतं."

"मला गच्चीवर वास आला."

त्याने पेपरची घडी घातली. ती एखादा टोमणा मारील, म्हणून त्याने उत्तर तयार ठेवले होते. तिने मारला नाही. पातेल्यात पाणी ओतता ओतता एकदा वळून त्याच्याकडे पाहिले, इतकेच.

तो खाली गेला. थिनरचा डबा उघडून त्याने नाक अगदी तोंडाशी नेले. आत गार टोचले, डोळ्यांत पाणी आले. वास मात्र आला नाही. स्पिरिटची बाटली उघडली. तेच. कधीपासून हे असे, ते त्याला सांगता येईना. एखादा भाडेकरू एकेक सामान हलवत राहतो आणि खोली रिकामी झाल्यावरच मालकाला कळते, तसे झाले होते.

तो पुन्हा वर आला. कपाटातून बायकोची तेलाची बाटली काढली. तळाशी दोन बोटे तेल होते. ती गेल्यानंतर सुरुवातीला तो ही बाटली अधूनमधून उघडायचा, मग त्याने ते सोडून दिले. वास उडून गेला, असे त्याने धरून चालले होते. माणूस जाते, तिथे वासाचे काय घेऊन बसायचे!

सून पातेले घासत होती. त्याने बाटली तिच्यापुढे धरली.

"याला वास आहे का गं?"

तिने हात पुसले, टोपण काढले. नाकाजवळ न्यायची तिला गरजही पडली नाही.

"आहे की. आईंच्या उशीला यायचा, तोच."

"अजून?"

"चांगला घमघमतोय," ती म्हणाली आणि मग तिचा चेहरा बदलला. तिने टोपण लावून बाटली त्याच्या हातात दिली, वळून नळ मोठा सोडला आणि पुन्हा पातेले घासायला घेतले.

त्याने टोपण आणखी घट्ट केले. ते घट्टच होते.

दुपारी मुलगा आल्यावर त्याने विचारले, "खोली बघितलीय का कुठे?"

मुलाने आधी बायकोकडे पाहिले. "मागच्याच गल्लीत आहे एक."

तिघे मिळून गेले. घरमालकीण कौतुकाने दाखवत होती. नवा रंग, नवी फरशी, काचेच्या घट्ट खिडक्या. खिडकीसमोर हातभर अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत.

"धूळ नाही, आवाज नाही," ती म्हणाली. "चिटपाखरू फिरकत नाही."

"इथून हाक मारली तरी तुम्हाला ऐकू येईल, बाबा," मुलगा म्हणाला. "दोन्ही वेळ जेवायला इकडेच यायचं."

"आणि चहालासुद्धा," सून म्हणाली.

पॉलिशवाल्याने खिशातून कागदाची पुडी काढली. आत खडूची बारीक भुकटी होती. गिऱ्हाइकाच्या घरी कामाला गेला, की कोणत्या खोलीत पॉलिश करायचे ते तो असेच ठरवायचा. चिमूट हवेत सोडायची. तिरकी गेली, तर ती खोली बाद. त्याने खिडकी उघडायला लावली आणि चिमूट सोडली. भुकटी सरळ रेषेत खाली आली. स्वयंपाकघरात सोडली, दारात सोडली. सगळीकडे फरशीवर नीट ढीग पडले. अशी खोली त्याला उभ्या जन्मात मिळाली नव्हती.

"अहो, आत्ताच पुसलीय फरशी!" घरमालकीण म्हणाली.

"उचलतो मी, बाई. खोली एक नंबर आहे तुमची."

मुलाचा चेहरा खुलला. "आवडली ना?"

"फार आवडली. म्हणूनच नको." त्याने पुडी बंद केली. "दुसरी कुठली पाहिली होतीत?"

दोघे घुटमळले.

"होती एक, पुलापलीकडे," मुलगा म्हणाला. "पण तुम्हाला दोन बस बदलून यावं लागेल."

"वारा आहे?"

"पडदा राहत नव्हता जागेवर," सून हळूच म्हणाली. "पण बाबा, तुमचं जेवण?"

"बसमध्ये म्हाताऱ्याला उठून जागा देतात. बसून येईन. तुम्ही चावीचं बघा, दुसरं कुणी घ्यायच्या आत."

मग तो उकिडवा बसला आणि तळहाताच्या कडेने एकेक ढीग कागदावर ओढून घेऊ लागला. फरशीच्या सांध्यात थोडी भुकटी राहिलीच. त्याने वाकून फुंकर मारली, तेव्हा कुठे ती हलली.