जाळीत अडकलेली पायवाट

मित्रांनो, मी एक जुनी पायवाट आहे, सुरतेबाहेर, कामरेजच्याही पुढची. मला कोणी बांधलं नाही. जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या पायांनीच मला घडवलं. चिखल टाळायचा, चढ बेताने चढायचा आणि दिवेलागणीला माणूस घरी पोचवायचा, हेच माझं काम.

मग इथे गोल्फचं मैदान आलं. गोट्यांच्या खेळात गल असते ना, तशा अठरा गली. काठीने चेंडू मारत एकेकीत घालायचा. कोणती गल कुठे ठेवायची, हे ठरवायला भूपेंद्रसाहेब आले. माझ्यावरून पार टोकापर्यंत चालले आणि म्हणाले, “चांगल्या आखणीत चढ जाणवत नाही, उगाच मागे फिरावं लागत नाही, आणि शेवटची गल खेळणाऱ्याला परत दारात आणून सोडते. ही वाट तेच करते!” अशी फुगले मी, काय सांगू! पाचवी गल तर त्यांनी माझ्या कुशीतच बसवली.

पण त्याच कौतुकाने मला कोंडलं. मैदानाभोवती तारेची उंच जाळी लागली आणि माझं घराकडचं टोक बाहेर राहिलं. आता अंगावर हिरवळ आहे, वरून बॅटरीच्या गाड्या फिरतात. पाऊल म्हणून पडत नाही. जीव गुदमरतो हो!

लोटूभाऊ इथे माळी आहेत. त्यांचं घर जाळीपलीकडे, हाकेच्या अंतरावर. फाटक मात्र एकच, तेही हायवेकडे. त्यांची बायको धुरपदाबाई रोज तो वळसा घालून गरम डबा आणायची. परवा एक ट्रक तिला घासून गेला. डबा सांडला, ती थोडक्यात वाचली. लोटूभाऊंनी इकडे छोटं फाटक मागितलं. उत्तर आलं, मैदानाची शोभा जाईल. वा रे शोभा!

काल धुरपदाबाई थेट जाळीशीच आली. डबा काही तारांतून जाईना. तिने पोळीला ठेचा लावला, गुंडाळी केली आणि आत सरकवली.

“पोई ते जास ना? खाई ल्या,” ती म्हणाली.

“तू बी खाय व,” लोटूभाऊ म्हणाले.

ते आत बसले, ती बाहेर. दोघंही माझ्यावरच बसली होती आणि मला त्यांना एकत्र आणता येईना. फार रडू आलं.

मित्रांनो, उद्या तुम्हीही मैदानं आखाल, कुंपणं घालाल. खुशाल घाला. फक्त आधी बघा, तिथून कोण घरी जातं. आणि एक फाटक ठेवा, हातात डबा घेऊन बाई आत येईल एवढंच.