हात लावायचा नाही असा तराजू

मित्रांनो, कपाटाच्या वर, हात पोचणार नाही अशा खिळ्याला टांगलेला मी एक तराजू आहे. दुकानातला नव्हे. कोट अडकवायचे जुने लाकडी हँगर आणि त्याच्या दोन टोकांना सुतळीने लोंबणारी डब्यांची दोन झाकणे, एवढाच माझा संसार.

मला या घरच्या लेकीने घडवले. ती शाळेत जात नसे. आई तिला घरीच शिकवी आणि स्वयंपाकघरातले टेबल हाच त्यांचा वर्ग. आईचा नेम एकच होता: जे शिकायचे ते लेकीने आपल्या हाताने करून पाहायचे.

लेकीने झाकणांना भोके पाडली, गाठी मारल्या. एक सुतळी जाड, एक बारीक. मी तयार झालो तो एका अंगाला कलूनच.

"का बरं वाकडा होत असेल?" आईने एवढेच विचारले. तिचे हात शिवशिवत होते, पण तिने ते मांडीवर घट्ट धरून ठेवले. लेकीने वर गेलेल्या झाकणात बटण टाकून पाहिले, खडा टाकून पाहिला. शेवटी त्याच्या तळाला ओल्या मातीचा गोळा चिकटवला आणि चिमटीचिमटीने काढत राहिली. मी हळूहळू सरळ झालो.

"आई, हा माझं ऐकतो!"

मग काय, घरातले काही तोलायचे राहिले नाही. भला मोठा रिकामा खोका वर गेला आणि चिमुकले कुलूप खाली बसले, तेव्हा ती हसत सुटली. "एवढं मोठं धूड आणि वजन काहीच नाही!" माझे खरे आयुष्य तेवढेच.

एके दिवशी आत्या आली. माझ्या तळाची माती तिने बोटाने खरवडून पाहिली.

"अगं, पोरगी शाळा सोडून चिखल कालवते, आणि तू कौतुकाने बघत बसतेस?"

"ताई, ती शिकतेय," आई हळूच म्हणाली. बाबा नुसते खाकरले.

"मग दिसू दे की. घरी शिकवणाऱ्यांचा तुमचा मेळावा आहे ना रविवारी? मी येते. तिथे काही धड दिसलं नाही, तर नव्या वर्षापासून शाळा."

बाबांनी मान डोलावली.

त्याच दुपारी लेक झोपलेली असताना आईने माझी माती काढून टाकली. नव्या सुतळ्या मोजून बांधल्या, मला रंग दिला. मी रेघेसारखा सरळ झालो. माझ्या अंगावर उमटलेली लेकीची बोटे रंगाखाली गेली.

"माझी माती कुठे गेली?" लेकीने उठल्यावर विचारले.

"आता गरजच नाही. बघ कसा छान सरळ झालाय."

"मग तो माझं कशाला ऐकेल?"

आई तेव्हा मेळाव्यासाठी लेकीच्या नावाची पाटी रंगवत होती.

मेळाव्यात टेबलाटेबलांवर मुलांच्या वस्तू मांडल्या होत्या, इतक्या सुबक की एकीवरही मुलाचे बोट उमटलेले नव्हते. एका चिमुरडीने माझ्याकडे हात पुढे केला.

"हात नको लावू, बाळ," आई म्हणाली.

"मग हा कशाला आहे?"

"बघायला."

आत्या आली. चष्मा सावरून तिने मला न्याहाळले आणि लेकीला विचारले, "हा तू केलास?"

लेकीने आईकडे पाहिले. "याच्या आधीचा मी केला होता."

"म्हणजे हा दुसरा! कार्टी हुशार आहे हो. शिकू दे घरीच."

तेवढ्यात कुणाचा तरी धक्का लागून मी कललो. लेकीचा हात पुढे आला, पण आईचा आधी पोचला. लेकीने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले. आईच्या चेहऱ्यावर जिंकल्याचे हसू होते. तिला ते हात दिसले नाहीत.

ठरल्याप्रमाणे लेक घरीच राहिली. टेबलावर रोज काहीतरी नवे मांडले जाते. ती हात पाठीमागे बांधून उभी राहते आणि शहाण्यासारखे म्हणते, "तू कर, मी बघते." आईला ते समजूतदारपणाचे वाटते.

मित्रांनो, तुमची वाकडी वस्तू कुणी मायेने सरळ करायला आले, तर ती दोन्ही हातांनी धरून ठेवा. भांडण झाले तरी चालेल. माझ्यावरची धूळ आई नेमाने पुसते. माझी दोन्ही पारडी अगदी समान आहेत. रिकाम्या पारड्यांना समान राहायला काय लागते?