ठेपूळ बाद

आमच्या घरच्या ग्रुपवर शब्दांचा एक खेळ चालतो. एकाने शब्द टाकायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून पुढच्याने. खेळ तसा पोरखेळच, पण खेळणारे सगळे केस पिकलेले, त्यामुळे भांडणं अस्सल होतात. माझा दादा हिशेबनीस, त्याला सूट देणं जमत नाही. धाकटी बहीण औषधांच्या दुकानात असते आणि कुठल्याही गोळीचं नाव शब्द म्हणून खपवते. मामा निवृत्त झाल्यापासून शब्द कमी आणि हरकती जास्त टाकतात.

निवाडा करायला आई. बाबा गेल्यापासून ती तिसऱ्या मजल्यावर एकटीच राहते. फोनवर टाइप करायला तिची बोटं ऐकत नाहीत, म्हणून ती खेळत नाही, आणि खेळत नाही म्हणून ती निःपक्षपाती, असा शोध मामांनी लावला. तंटा झाला की आईला फोन करायचा आणि ती सांगेल ते मुकाट्याने ऐकायचं.

आईइतका पक्षपाती न्यायाधीश मी जन्मात पाहिला नाही. धाकटीच्या गोळीचं नाव तिने चालवून घेतलं. दादाने तसंच एक नाव टाकलं तर बाद. का, तर म्हणे तो फोनवर घाईत बोलला. मामांचा शब्द मान्य व्हायला अर्धा तास लागायचा, कारण मधे तिचे गुडघे आणि खालच्या मजल्यावरच्यांची गळकी मोरी यांची सुनावणी व्हायची.

मी लिफ्ट तपासते. दोर, ब्रेक, दारांची कुलपं बघून माझी सही झाल्याशिवाय लिफ्ट चालू होत नाही. लहर आली तर लागणारा ब्रेक मी पास करत नाही. शेवटी माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी नियम लिहून ग्रुपवर टाकले. शब्द शब्दकोशात हवा. घरात बनवलेले शब्द चालणार नाहीत. 'ण' किंवा 'ळ' वर संपणारा शब्द नको, पुढच्याने करायचं काय? आणि शंका आली तर फोनवरचा शब्दकोश उघडायचा, त्याचा निकाल अंतिम. सगळ्यांनी अंगठे दाखवले. भांडणं एका फटक्यात संपली आणि मी स्वतःवरच खूश झाले.

पुढे आईच्या भागात एक लिफ्ट तपासायची होती, तेव्हा तिच्याकडे डोकावले. टेबलावर घडी केलेल्या रुमालावर तिचा फोन ठेवलेला, पूर्ण चार्ज केलेला. इतका वेळ बसले, एकदाही वाजला नाही. मी विचारलं, "फोन बिघडलाय का गं?"

"मलाही तेच वाटलं," आई म्हणाली. "शेजारणीला तिच्या फोनवरून लावून बघायला सांगितलं. वाजतो की."

एवढं बोलून ती चहा टाकायला गेली. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. माझ्या नियमांत खोट नव्हती. खोट या लोकांत होती, ज्यांना आईला फोन करायला भांडण लागतं. मग आठवलं, फोन तर मीही केला नव्हता.

गॅलरीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून बाबांनी तासलेला लाकडाचा तुकडा अजून दाराखाली होता. बाबा त्याला 'ठेपूळ' म्हणायचे. जगात दुसरं कुणी म्हणत नाही.

खाली आले तर ग्रुपवर दादाचा शब्द पडला होता, 'पाठ'. मी जिन्यापाशीच उभं राहून 'ठेपूळ' टाकला. एका शब्दात माझेच तीन नियम मोडले.

मधमाश्यांचं मोहोळ उठलं. दादाने माझेच नियम मला पाठवले. धाकटीने विचारलं, हा कसला शब्द, मग स्वतःच लिहिलं, अरे, दाराखालचं ते. मामांनी हरकत घेतली, मग त्या हरकतीवर हरकत घेतली. मी लिहिलं की शब्द बाबांचा आहे, शब्दकोशाला काय कळतंय, आईला विचारा.

संध्याकाळभर आईचा फोन लागेना. दर वेळी कुणाशी तरी बोलणं चालू. लागला तेव्हा तिचा आवाज बोलून बोलून बसला होता.

"ठेपूळ बाद," ती म्हणाली. "नियम तूच लिहिलेस ना? मग झालं तर."

मी म्हटलं, बरं.

"बरं काय? तुझे बाबा इतकी वर्षं म्हणत होते तो शब्द, आणि तू लगेच बरं म्हणतेस? अपील करायचं असतं. उद्या कर. लिहून पाठवू नकोस, मी फोनवरच ऐकणार. आणि दहानंतर कर, दहापर्यंत मामा आहे."