बंद न पडणारी गाडी

घोटवडे फाट्यावर कैलासच्या जुन्या गाड्यांच्या आवारात गुरुवारी सकाळी एवढी माणसं जमली, की वडापाववाल्यानं आपली हातगाडी रस्त्याच्या पलीकडून अलीकडं आणली. मधी दोरी बांधून जागा मोकळी ठेवलेली. तिथं दोन गाड्या. एक लाल, तिच्याकडं कोण बघत नव्हतं. दुसरी पांढरी, झेंडूची माळ घातलेली, बॉनेटवर नारळ ठेवलेली. तिच्या पुढं एक धुपाटणं, मागं एक. धूर एवढा, की गाडीच पेटलीय का काय असं वाटावं.

चैतन्यमहाराजांनी हात वर केला. गळ्यात सात माळा, डोळ्यांवर गॉगल, पायात पांढरे बूट.

"ही लाल गाडी मर्त्य," ते म्हणाले. "आधी मर्त्य बघा."

त्यांचा चेला लाल गाडीत बसला. इंजिन चालू केलं, हँडब्रेक खच्चून वर ओढला, तिसरा गेर टाकला आणि क्लचवरचा पाय हळूहळू काढला. गाडीनं एक गचका खाल्ला आणि बंद पडली. लोक हसले. महाराजांनी अशी मान हलवली, जशी काय त्या गाडीनं गेल्या जन्मी पाप केलं होतं.

मग पांढरी. तोच चेला, तसाच हँडब्रेक, तोच तिसरा गेर. क्लच सोडला. इंजिन घुरघुरतच राहिलं. चेल्यानं जरा रेस दिली तर आणखी जोरात घुरघुरलं. गाडी जागची हलत नव्हती आणि बंदही पडत नव्हती.

"बांधून ठेवली तरी श्वास सोडत न्हाई," महाराज म्हणाले. "हिच्यात प्राण हाय."

माणसांनी हात जोडले. जोडणारच की. त्यातली निम्मी नुकतीच ड्रायव्हिंग क्लास करून बाहेर पडलेली. पिरंगुटच्या घाटात गाडी बंद पडली, मागं डंपर हॉर्न मारतोय आणि पाय थरथरतोय, हे ज्यानं एकदा भोगलंय त्याला बंद न पडणारी गाडी म्हणजे देवच भेटला.

हेमलतानं पण हात जोडले होते. खोटं कशाला सांगू? क्लासच्या शेवटच्या दिवशी त्याच घाटात तिची गाडी अकरा वेळा बंद पडली होती. मास्तरनं कपाळाला हात लावला होता. आता लायसन आलं होतं, पण भीती गेली नव्हती.

गाडी तिच्यासाठी नव्हतीच, सासूसाठी होती. लीलाबाई शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली, पाय सुजलेले, डाव्या हाताला डायलिसिसच्या सुया टोचून टोचून आलेली गाठ. मंगळवारी आणि शुक्रवारी रिहे गावातून निघायचं, घाट चढायचा, भूगावच्या पुढं दवाखान्यात जायचं. रिक्षावाला कधी येतो, कधी फोन उचलत नाही. मागच्या शुक्रवारी त्यानं उचलला नाही आणि रविवारपर्यंत लीलाबाईला आडवं झालं की दम लागायला लागला. हेमलताचा नवरा शेखर उरवड्याच्या कंपनीत शिफ्टला. म्हणून सासरे हैबतराव म्हणाले, गाडी घेऊ, हेमा चालवंल.

आणि हैबतरावांनी पांढरी बघितल्या बघितल्या कैलासच्या हातावर सुपारी ठेवली. चार माणसांत शब्द दिला. आमच्याकडं सुपारी दिली म्हणजे सौदा झाला, त्यावर घरातली बाई बोलत नाही.

तेवढ्यात लीलाबाईनं महाराजांना हाक मारली.

"म्हाराज, ह्या गाडीत बसायला लागल्यावर मला त्ये मशिन लागंल का?"

महाराजांनी तिच्या हाताची गाठ बघितली. गॉगल काढला, डोळे मिटले, परत गॉगल घातला. "माय, जे यंत्र मरत न्हाई, त्यात बसणाऱ्याला दुसरं यंत्र कशाला? उद्याची सुई टाळा. सात फेऱ्या मारा ह्या गाडीतून. मग बघा."

लीलाबाई हसली. सुया सुरू झाल्यापासून चार महिन्यांत पहिल्यांदा. ते हसू बघून हेमलतानं जोडलेले हात खाली घेतले.

आणि वारा फिरला. धूर पलीकडं गेला आणि त्याच्याखालून एक वास आला. करपलेला, नाकात खुपणारा.

असला वास तिच्या ओळखीचा होता. घरची भाताची गिरणी तीच चालवते. भात ओलसर असलं आणि पट्टा ढिला झाला की जातं अडकतं, मोटर मात्र मजेत फिरत राहते. फिरणारच, तिच्या अंगावर कामच पडत नाही. पट्टा नुसता घासतो आणि करपतो. तेव्हा गिऱ्हाईक म्हणतं, मोटर तर झकास चाललीय की वहिनी, मग तांदूळ का पडंना?

ती हैबतरावांच्या कानाशी गेली. "मामा, गाडी चढावर चालवून बघू."

"सुपारी दिलीया," ते दातांतून म्हणाले. "गप ऱ्हा."

कैलासनं ऐकलं. "वहिनी, महाराजांच्या गाडीची ट्रायल नसती. विश्वास बसत नसंल तर ह्यांना इचारा." आणि त्यानं गर्दीतून एकाला पुढं ओढलं. गळ्यात कंपनीचं कार्ड. नाव दयानंद, मूळचा लातूरकडचा, कासारसाईला भाड्यानं राहणारा. महिन्यापूर्वी इथूनच अशी गाडी नेलेली.

दयानंदनं मनापासून साक्ष दिली. गाडी कधीच बंद पडत नाही. फक्त चढावर कधी कधी इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पुढं जात नाही. मग महाराजांनी सांगितल्याप्रमाणे बॉनेटवर ओलं फडकं टाकायचं, तासभर नामजप करायचा, की चढते.

"जप न करता तासभर थांबलात का कधी?" हेमलतानं विचारलं.

दयानंद विचारात पडला. "एकदा फोनवर मीटिंग चालू होती. जप राहिला."

"मग?"

"चढली," तो म्हणाला आणि कैलासकडं बघायला लागला.

मागून कोणतरी फिसकन हसलं. हेमलता दोरीखालून आत गेली. हैबतराव "हेमे" म्हणून ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. तिचे कान तापले पण ती थांबली नाही. चेल्याला खाली उतरवलं, नारळ उचलून त्याच्या हातात दिला, ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि गर्दीतल्या चार दांडग्या माणसांना म्हणाली, बसा. आवारातून रस्त्यावर जायला मुरमाचा चढ आहे, बैलगाडी सुद्धा चढते. तिनं पहिला गेर टाकला, हँडब्रेक खाली केला, क्लच सोडला, रेस दिली.

गाडी अर्ध्या चढापर्यंत गेली आणि इंजिन बोंबललं. इंजिनचा काटा सरसर वर गेला. वेगाचा काटा शून्यावर. गाडी तिथंच लटकली आणि मग हळूहळू मागं यायला लागली. तिनं ब्रेक दाबला. गाडीखालून धूर आला. तो धुपाचा नव्हता, आणि आता सगळ्यांनाच वास आला.

"अश्रद्ध हात लागला," महाराज म्हणाले. "प्राण रुसला."

हेमलता उतरली. "मग तुमी बसा. तुमचा हात तर श्रद्धेचा हाय."

महाराजांनी आभाळाकडं बघितलं. "आज माझं मौन हाय."

सकाळपासून दोन तास बडबडणाऱ्या माणसाचं मौन. मग मात्र लोक मोठ्यानं हसले.

तिनं सांगितलं, आवाज न चढवता. इंजिनची ताकद चाकाला नेऊन देते ती क्लचची प्लेट. ती चांगली असली तर इंजिनला घट्ट धरते. चाकं हँडब्रेकनं बांधली की इंजिनही बांधलं जातं आणि बंद पडतं. लाल गाडी बंद पडली, कारण तिचा क्लच धडधाकट हाय. हिची प्लेट झिजून गुळगुळीत झालीया, कशालाच धरत न्हाई, म्हणून इंजिन मोकळं फिरतंय. तापली की जास्त घसरते, तासभर गार झाली की थोडी धरते. जप करा नाहीतर मीटिंग करा. धूप कशाला, तर करपलेला वास झाकायला.

कैलासनं गपचूप पांढरीची माळ काढली आणि लालच्या गळ्यात घालायला लागला. महाराज आपल्या गाडीकडं गेले. दयानंदनं काचेतून वाकून बघितलं. महाराजांच्या गाडीत दोनच पॅडल होती, क्लचचं नव्हतंच, ऑटोमॅटिक गाडी. मग तो लांब उभ्या केलेल्या आपल्या गाडीकडं बघत राहिला.

सगळे काही पटून घरी गेले नाहीत. दोघंतिघं म्हणत होते, बाईमाणसानं पुढं व्हायला नको होतं. हैबतरावांनी कैलासकडनं सुपारी परत घेतली, पण सुनेकडं बघितलं नाही.

लीलाबाई खुर्चीतच होती. हसू गेलं होतं.

"हेमा, गाडीचं खोटं निघालं," ती म्हणाली. "पण त्ये मशिनचं म्हनला, त्येबी खोटंच का?"

गाडीचं सांगणं सोपं होतं. हेमलता तिच्या पायाशी उकिडवी बसली. सुजलेल्या पावलावर हात दाबून ठेवला, बोटाचा खड्डा तसाच राहिला.

"व्हय आत्या. त्येबी."

लीलाबाई पदरानं तोंड पुसून म्हणाली, "उद्या किती वाजता निघायचं?"

हैबतराव बाजूला जाऊन रिक्षावाल्याला फोन लावायला लागले. तो उचलेना. ते परत लावत राहिले.

आता तुम्हाला सांगतो. जुनी गाडी घ्यायची तर माणसं बसवून चढावर चालवा, वास घ्या, ओळखीच्या मेकॅनिकला सोबत न्या. विकणारा "ट्रायल नसती" म्हणाला की तिथूनच मागं फिरा. गाडीचं एक वेळ ठीक आहे, प्लेट बदलता येते. पण कोणी तुमच्या आजारी माणसाला सुई टाळ म्हणाला, तर लाजू नका, सुपारीकडं बघू नका. त्याला तिथंच, सगळ्यांसमोर विचारा: कसं काय? आणि उत्तर मिळेपर्यंत हात जोडू नका.