मागच्या चाकातली हवा

पस्तीस दिवसांत पस्तीस आकडे झाले, आणि लागोपाठचे दोन कधी जुळले नाहीत. काल एकशे सोळा, आज एकशे एक्केचाळीस. सायकल तीच, माणूस तोच, वीस मिनिटंही तीच. मी सत्तावीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतोय. एकाच पोत्याचं दोनदा वेगळं वजन दाखवतो त्याला आम्ही काटा म्हणत नाही, भंगार म्हणतो. असलं भंगार माझ्या हॉलमध्ये टीव्हीसमोर उभं होतं आणि माझी नोकरी त्याच्यावर टांगलेली होती.

दोन महिन्यांपूर्वी छातीत दुखलं आणि स्टेंट बसला. माझं काम ट्रकच्या मोठ्या काट्यांचं. खड्ड्यात उतरायचं, वीस-वीस किलोची वजनं उचलून वर रचायची, परत उतरवायची. फिजिओ मॅडमनी सांगितलं, घरी सायकल चालवा. रोज वीस मिनिटं, एकाच वेगाने, एकाच लोडवर. उतरायच्या आधी नाडीचा आकडा लिहा. तो सलग तीन दिवस एकशेवीसच्या आत आला की कामावर जायचा कागद देते. "लोड मात्र रोज सारखाच पाहिजे काका, नाहीतर आकड्याला अर्थ नाही." हे मला सांगायची गरज नव्हती. मी आयुष्यभर दुसऱ्यांना हेच सांगत आलो.

साहेबांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. "कागद आण, नाहीतर तुझ्या जागी माणूस घ्यावा लागेल. राग मानू नकोस." राग मानला. 

मला काम हवं होतं ते हौस म्हणून नाही. बायको जाऊन वर्ष झालं. सकाळी ग्रंथालयात कामाला गेली, तिथेच डोक्यात रक्तस्राव झाला, संध्याकाळी नव्हती. आम्हाला मूल नाही. कामावर असलो की दिवस जातो. घरात असलो की दुपारचे तीन वाजतात आणि तीनच वाजत राहतात.

सायकल तिचीच. ती अकरा महिने खाली पार्किंगमध्ये होती. तिच्या भावाने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, ती वर आणली आणि ट्रेनरवर चढवली. ट्रेनर म्हणजे लोखंडी स्टँड. मागचं चाक त्यात उचलून धरलेलं असतं आणि त्याला मागून एक रोलर टेकलेला असतो. रोलर जितका घट्ट दाबाल तितकं पेडल जड. दाबायला एक नॉब आहे. मेहुण्याने पहिल्या दिवशी शिकवलं होतं: हवा साठ पौंड, रोलर टायरला टेकला की नॉबचे अडीच फेरे, ना कमी ना जास्त, आणि दहा मिनिटं टायर गरम झाल्यावर खरं मोजायचं. टायर गार असताना एक लोड असतो, तापल्यावर दुसरा. नियम साधे होते. माझ्यासारख्याला तर फारच साधे.

आता खरं सांगतो. मी हवा भरत नव्हतो.

बायको दर रविवारी संध्याकाळी दोन्ही चाकांत हवा भरायची. स्वतः, पायाने पंप दाबून. मला हात लावू द्यायची नाही. "तुम्ही तुमचे काटे बघा, माझ्या चाकांना नको." शेवटची हवा तिने गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी भरली होती. मी तिथेच चहा पीत उभा होतो. मेहुण्याने सायकल दारातून आत आणली तेव्हा मी मागच्या टायरवर बोट दाबून बघितलं. टणक होता. अकरा महिन्यांनी टणक. मला वाटलं, ट्यूब चांगली घेतली असेल, ती घ्यायचीच चांगली. आणि पुढचं वाटलं ते लिहायला अवघड आहे. वाटलं, ही हवा तिच्या पायाची आहे, ही बदलायची नाही.

हवा ती हवा, हे मलाही कळतं. पण पंप घेऊन बसलो की हात पुढे जाईना. वहीत मी तीन रकाने आखले होते: हवा, फेरे, नाडी. पहिल्या रकान्यात रोज न मोजता साठ लिहायचो.

हवा हळूहळू उतरत होती. अडीच फेऱ्यांना चाक घसरायला लागलं, किंचाळल्यासारखा आवाज यायचा. मग मी तीन फेरे केले. मग साडेतीन. मग एवढं जड झालं की छाती भरून आली, म्हणून परत दोन. खाली रबराचा काळा भुगा पडायचा, तो रोज झाडायचो. मशीनला शिव्या द्यायचो. कंपनीला द्यायचो. एकदा उठून रोलरला लाथ घातली, अंगठा सुजला, दोन दिवस चप्पल घालता येईना. आकडे वर-खाली, वर-खाली. मधेच एकशे सोळा, एकशे अठरा आले की वाटायचं, जमलं. दुसऱ्या दिवशी परत तेच.

महिनाअखेरीला पाच दिवस उरले असताना मेहुणा आला. तो दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवतो. दिवसभर लोकांचे दात हातात असतात म्हणून की काय, स्वतःचं तोंड बंद ठेवत नाही.

"दाजी, ही वही आहे की शेअर बाजार?"

"तुझं मशीन बिघडलंय."

"मशीनमध्ये बिघडायला आहे काय? एक रोलर, एक स्प्रिंग. हवा किती आहे?"

"आहे."

"आहे म्हणजे किती?"

"साठ. लिहिलंय ना."

त्याने वहीकडे बघितलंच नाही. वाकून टायरवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"दाजी, हे चाक आहे की उशी? ह्याच्यावर डोकं ठेवून झोपेन मी." तो दारामागचा पंप घेऊन आला. "साठ म्हणे. पंचवीस असली तरी पेढे वाटीन."

"ठेव तो."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"हात लावू नकोस म्हणतोय ना!"

"अहो, हवा भरतोय, किडनी काढत नाहीये."

मी त्याच्या हातातून पंप हिसकावला. पंपाची नळी त्याच्या चष्म्याला लागली, चष्मा खाली पडला. फुटला नाही. तो चष्मा उचलून माझ्याकडे बघत राहिला. सत्तावीस वर्षांच्या नात्यात मी त्याच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. चढवायला त्याने संधीच दिली नव्हती, सगळं तोच बोलायचा.

"ती हवा तिची आहे," मी म्हणालो.

"कुणाची?"

"तुझ्या ताईची. आदल्या दिवशी भरलेली."

तो फरशीवर बसला. चष्मा शर्टाला पुसला, घातला, परत काढला. 

"दाजी, रागावू नका."

"बोल."

"ती हवा माझी आहे."

मला कळलं नाही.

"सायकल वर आणली तेव्हा दोन्ही चाकं रिमवर बसली होती. टायरला भेगा पडतील एवढी बसली होती. तुम्ही बघितलं असतं तर वाईट वाटलं असतं. म्हणून मी खालीच, वॉचमनच्या खुर्चीवर बसून भरली. सीटही पुसली. सीटवर पाल होती."

"खोटं बोलतोयस."

"अकरा महिने ट्यूबमध्ये हवा टिकते का? तुम्ही मला सांगा. तुम्ही मशीनवाले."

टिकत नाही. महिन्याभरात निम्मी जाते. हे मला कुणी रस्त्यात विचारलं असतं तर मी झोपेत सांगितलं असतं.

"म्हणजे पाच आठवडे मी तुझी हवा जपली?"

"मला काय माहीत तुम्ही जपताय! सांगितलं असतंत तर आणखी चांगली भरली असती."

तो हसला. मग त्याचं हसू वेगळंच व्हायला लागलं आणि त्याने तोंड फिरवलं. मला हसू आलं नाही. रडूही आलं नाही. नुसता राग आला. त्याच्यावर, की न विचारता भलं केलं. तिच्यावरही, ते का हे सांगता येणार नाही. आणि माझ्यावर, की पस्तीस वेळा खोटं साठ लिहिलं. दुसऱ्या कुणी काट्याच्या वहीत असं केलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

"सगळी काढ," मी म्हणालो.

"वरून भरली तरी चालेल."

"काढ म्हणतोय ना. शून्यापासून भरू."

त्याने व्हॉल्व्हची पिन दाबली. हवा फुसफुसत बाहेर आली. रबराचा वास आला. फक्त रबराचा. चाक खाली बसलं तसं मी पंप लावला आणि स्वतः भरली. काटा साठावर आला तेव्हा दम लागला होता.

मग सगळं रीतसर केलं. टायर स्पिरिटने पुसला, कारण त्याच्यावर पाच आठवड्यांचा चिकट थर होता. रोलर टेकवला, अडीच फेरे. दहा मिनिटं हळू चालवलं, टायर गरम केला. मग मेहुणा म्हणाला, पंचवीसचा वेग गाठा आणि पाय थांबवा, मी चाक थांबायला किती सेकंद लागतात ते बघतो. लोड सारखा असेल तर सेकंद सारखे येतील.

"आठ," तो म्हणाला. "परत."

परत आठ. तिसऱ्यांदाही आठ.

ही गोष्ट ज्याला कळते त्यालाच कळेल. तीनदा आठ. मशीनमध्ये काहीच बिघाड नव्हता. पहिल्या दिवसापासून नव्हता.

त्यानंतर वीस मिनिटं चालवली. नाडी एकशे अडतीस.

मेहुण्याचा चेहरा उतरला. "नाडीचं मीटर नीट लागलं नसेल."

"मीटर ठीक आहे."

"परत बघू?"

"ठीक आहे म्हटलं ना."

पुढचे तीन दिवस एकशे छत्तीस, एकशे पस्तीस, एकशे तेहेतीस. रोज हवा मोजली, रोज भरली, रोज चाक आठ सेकंदांत थांबलं. आता आकडे खरे होते, आणि खरे होते म्हणूनच माझ्या उपयोगाचे नव्हते. आधीचे एकशे सोळा, एकशे अठरा हे चाक घसरत होतं तेव्हाचे. मी पेडल मारत होतो आणि जोर वाऱ्यावर जात होता.

शेवटच्या दिवशी वही घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी पानं उलटली.

"हे शेवटचे चार छान उतरतायत. पण आधी तर एकशे सोळा होते की!"

"ते धरू नका."

"का?"

"हवा न मोजता साठ लिहिलं होतं."

"एखाद दिवशी?"

"रोज."

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्या निम्म्या वयाची बाई, पण त्या वेळी मला मान वर करवेना.

"काका, मागच्या वेळी ते एकशे सोळा बघून मी तुम्हाला जिने चढायला सांगितलं होतं. आठवतंय?"

"हो."

"चढलात?"

"रोज. चार मजले."

"काही झालं असतं म्हणजे?" त्या थांबल्या. का केलं, असं त्यांनी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं कोण जाणे. त्यांनी विचारलं नाही. पहिल्या पस्तीस ओळींवर आडवी रेघ मारली. "जिने बंद. सही आज नाही. सुरुवातीला आकडा भराभर उतरतो, पुढे मंदावतो. आणखी तीन आठवडे धरा."

"माझ्याकडे आजचाच दिवस आहे."

"माझ्याकडेही तुमच्यासाठी एकच हृदय आहे," त्या म्हणाल्या आणि वही परत दिली.

मॅडमच्या खोलीबाहेर येऊन साहेबांना फोन लावला.

"साहेब, तीन आठवडे आणखी लागतील."

"मागच्या आठवड्यात म्हणालास, झालंच समजा."

"ते आकडे चुकीचे होते."

"तुझे? तुझे आकडे चुकीचे?"

"हो. माझेच."

फोनमध्ये मागे कुणीतरी हातोडीने काहीतरी ठोकत होतं. तो आवाज मी ओळखला, प्लेटचा बोल्ट अडकला की असाच ठोकावा लागतो.

"उद्यापासून नवा माणूस येतोय. त्याला शब्द दिलाय मी."

"त्याने खड्ड्यातला काटा उघडलाय का कधी?"

"नाही. टेबलावरचे केलेत."

"मग तो पहिल्याच दिवशी तुमच्या काट्याची तुळई वाकवेल."

"ते मला कळत नाही का? म्हणून तर तुझी वाट बघत होतो इतके दिवस!" आता तेही चिडले. "ये तू. वर खुर्ची टाकून बस आणि त्याला सांग काय करायचं ते. खाली पाय ठेवायचा नाही. एक वजन उचललंस तरी घरी पाठवीन."

"आणि तीन आठवड्यांनी?"

"तीन आठवड्यांनी कागद आण. मग दोघांतला कोण ठेवायचा ते बघतो. आज काही कबूल करत नाही."

"खुर्चीत बसून मला बोलता येत नाही, साहेब."

"शिक मग," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी जिन्याकडे वळलो, दोन पायऱ्या उतरलोही. मग वर आलो आणि लिफ्टसमोर उभा राहिलो. उतरायला काही होत नाही, मॅडमनी बंद केलं होतं ते चढणं, हे मला लिफ्ट येईपर्यंत सुचलं नाही. ती यायलाही बराच वेळ लागला.